पोलीस भरती नको, पोलीस आणि कोर्ट शिकायचंय. मुंबईत कुठे शिकू?

लाइनीतली | ५ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मोठा होईल, सांभाळून घ्या.

नायगावच्या पोलीस लाइनीत वाढले. बाबा मागच्या वर्षी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. मी यंदा समाजशास्त्र घेऊन बीए झाले. गणपतीचे दहा दिवस बाबा घरी नसायचे. आमचेच नाही, मजल्यावरचे सगळेच. आरतीला टाळ धरायला आम्ही पोरं आणि आज्या. पोलिसांचं कौतुक आणि पोलिसांवरचा राग, दोन्ही घरातच ऐकत मोठी झाले.

धाग्याचं कारण वेगळं आहे. जानेवारीत बाबांना साक्षीचं समन्स आलं. अकरा वर्षांपूर्वीची घरफोडी, त्या पंचनाम्याचे लेखनिक बाबा. कोर्ट आतून कधी पाहिलं नव्हतं म्हणून मी सोबत गेले. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासात विचारलं, मुद्देमालातली बॅग कोणत्या रंगाची होती? बाबा म्हणाले, काळी. वकिलांनी पंचनामा पुढे धरला. त्यात बाबांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, ‘गडद निळ्या रंगाची, चेन तुटलेली’. वकील "बस, एवढंच" म्हणून खाली बसले. बाहेर आल्यावर सीएसएमटीपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. लोकल दादरला शिरताना म्हणाले, "अकरा वर्षांनी रंग कुणाला आठवतो?"

ते वाक्य डोक्यातून जात नाही. अकरा वर्षांनी माणसाला रंग विचारायची ही पद्धत कुठून आली, ती अशीच का आहे, आणि बदलायची तर हात कुठे घालायचा, हे मला शिकायचंय. वर्दीची ओढ नाही असं नाही. पण आधी हे कळायला हवं.

बाबा म्हणतात कुठलीही पदवी चालते, एमपीएससी दे. आई म्हणते बीएड कर. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या क्रिमिनॉलॉजीला, म्हणजे गुन्हेशास्त्राला जा. पण मुंबईत ते नेमकं कुठे असतं, त्यात काय शिकवतात आणि ते शिकून माणूस पुढे काय करतो, हे कुणी धड सांगत नाही. जे या कामात आहेत त्यांनी सांगा, विनंती.

पहाटेचं_मैदान | ५ जुलै, रात्री ११.१५

तुझे बाबा बरोबर सांगतायत. पीएसआयला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि गुन्हेशास्त्राच्या पदवीला एकही गुण जादा नाही. शिपाई भरतीला तर बारावी पुरते, मैदानी ५० आणि लेखी १००. मी तिसऱ्या वर्षी पहाटे पाचला शिवाजी पार्कात पळतोय. सोबतच्या पोरांमध्ये इंजिनीअर आहेत, बीएस्सी ॲग्री आहेत. नोकरी हवी असेल तर दोन वर्षं दुसऱ्या पदवीत घालवू नकोस, वय थांबत नाही. पण तुला जे विचारायचंय ते आमच्या क्लासमध्ये कुणी विचारत नाही हेही खरं. आम्ही कलमं पाठ करतो.

तपासटिपण | ६ जुलै, सकाळी ७.०५

पोरी, तुझ्या वडिलांची साक्ष वाचून रात्री झोप लागली नाही. मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्या पिंजऱ्यात किती वेळा उभा राहिलो, मोजदाद नाही.

कॉलेजात काय शिकशील ते इतर सांगतील. मी फक्त पंचनाम्याबद्दल सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाची सुरुवात तिथेच आहे.

नाशिकच्या अकादमीतून बाहेर पडलो तेव्हा मला वाटायचं पंचनामा म्हणजे ठराविक मजकूर, नाव-गाव बदलायचं आणि सही घ्यायची. पहिल्याच वर्षी एका चाळीत मारहाण झाली. मी लिहिलं, ‘फिर्यादी उभा होता तिथून जिना सुमारे १५ फुटांवर’. माझ्या वरिष्ठांनी कागद परत दिला आणि टेप घेऊन पुन्हा पाठवलं. मोजलं तर २६ फूट भरलं. वर जिन्यावरचा दिवा होता पिवळा झीरोचा बल्ब. फिर्यादी म्हणत होता, मी हल्लेखोराचा चेहरा स्पष्ट पाहिला. २६ फुटांवरून, झीरोच्या बल्बखाली! साहेब म्हणाले, "हे आत्ता तुला कळलं. नाहीतर पाच वर्षांनी वकील सांगेल, भर कोर्टात." फिर्यादीला पुन्हा बसवून विचारलं तेव्हा कळलं, त्याने चेहरा नाही, आवाज ओळखला होता. आवाज ओळखणं खरं होतं, तपास त्या दिशेने गेला आणि माणूस सापडला.

तेव्हापासून मी चतुःसीमा लिहिताना घाई केली नाही. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उजेड कसला, पंचनामा किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला. वस्तू पाकिटात घातली की लेबलवर पंचांच्या सह्या, वर लाखेचं सील आणि सीलचा नमुना कागदावर वेगळा. मग मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरला नोंद. यातली एक कडी सुटली की सगळं सुटतं. नेहमीचे तेच ते पंच आणून सह्या घेणारे अधिकारीही मी पाहिलेत. त्यांच्या केसेस कोर्टात कशा पडतात तेही पाहिलं.

आता नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५. चांगलं झालं. पण कॅमेरा तिकडेच वळतो जिकडे माणूस वळवतो. काय बघायचं हे शिकावंच लागतं.

एक काम आजच सुरू कर, त्याला प्रवेश लागत नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर प्रसिद्ध होतात. नाजूक गुन्हे सोडून बाकीचे कुणालाही वाचता येतात, २०१६ साली सुप्रीम कोर्टाने तसा आदेश दिला होता. रोज दोन वाच. आपल्याकडे ठाण्यातला कागद मराठीत असतो आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत. मोठमोठ्या पदव्या घेतलेली मुलं ‘अदखलपात्र’ आणि ‘अपमृत्यू’ या शब्दांवर अडलेली मी पाहिली आहेत. तू लाइनीत वाढलीस, तुला ते शब्द दुधाबरोबर मिळालेत. त्याची किंमत कमी समजू नकोस.

काळाकोट_कुर्ला | ६ जुलै, दुपारी २.३०

लाइनीतली, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, म्हणून आधी महत्त्वाचं.

तुझ्या बाबांना बॅगेचा रंग पाठ असायची गरजच नव्हती. पुरावा कायद्याच्या कलम १५९ प्रमाणे साक्षीदाराला त्याने स्वतः त्या वेळी लिहिलेला कागद बघून स्मृती ताजी करता येते. कागद वाचूनही घटना आठवली नाही, पण ‘मी तेव्हा खरंच लिहिलं होतं’ याची खात्री असेल, तर कलम १६० प्रमाणे त्या कागदाच्या आधारे साक्ष देता येते. कायदा करणाऱ्यांना माणूस विसरतो हे १८७२ सालीच ठाऊक होतं! साक्षीला उभं राहण्याआधी पैरवीच्या अंमलदाराने, म्हणजे कोर्टातल्या केसेसचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाने, कागद दाखवायचा असतो, आणि सरकारी वकिलांनी सरतपासातच, म्हणजे उलटतपासाआधी स्वतः प्रश्न विचारताना, पंचनामा हातात द्यायचा असतो. त्या दिवशी कुणीतरी हे केलं नाही. तुझ्या बाबांची चूक असलीच तर ती सर्वांत लहान आहे. आणि एका रंगावरून केस पडत नाही, न्यायाधीश सगळा पुरावा एकत्र बघतात.

तुमची केस जुनी म्हणून तिला जुना पुरावा कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हीच कलमं १६२ आणि १६३ झाली. दंडविधानाची ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८. जुन्या केसेस जुन्या आकड्यांनी चालतात आणि नव्या नव्याने, म्हणून आम्ही सगळे सध्या पिशवीत दोन-दोन पुस्तकं घेऊन फिरतो. मुंबईतले महानगर दंडाधिकारीही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत राहिले नाहीत, आता प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणायचं.

शिक्षणाबद्दल माझं मत सरळ आहे. पदवी झालीय तर तीन वर्षांचं एलएलबी कर. त्यासाठी राज्याची सीईटी. चर्चगेटचं सरकारी विधी महाविद्यालय १८५५ पासून उभं आहे, फी परवडते आणि तिथून हायकोर्ट चालत जायच्या अंतरावर. पद्धत का अशी आहे हे विचारायचं असेल तर पद्धतीची भाषा यायला हवी, ती इथे मिळते. न्यायाधीश व्हायचं मनात आलं तर लक्षात ठेव, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने खालच्या न्यायाधीशपदासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली.

आणि कोर्ट उघडं असतं. कायद्यानेच. कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकतं, न्यायाधीशांनी विशेष कारणाने बंद केलं नसेल तर. कुर्ल्याला ये, मी बसवते.

बराकीबाहेर | ६ जुलै, रात्री ९.५०

काळाकोट ताईंशी अर्धी सहमत. कायदा हवाच. पण तुझा प्रश्न ‘पद्धत अशी का’ हा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला कायद्याच्या वर्गाबरोबर आणखी एक वर्ग लागतो. मी समाजकार्यात एम.ए. केलं आणि बरीच वर्षं तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांबरोबर, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही त्यांच्याबरोबर, काम करतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, आपण टिस म्हणतो ती. तिथे समाजकार्याच्या एम.ए.मध्ये गुन्हेशास्त्र आणि न्याय हा शिक्षणक्रम आहे. गुन्हेशास्त्र आणि सुधारप्रशासन या संस्थेत १९५०च्या दशकापासून शिकवलं जातंय. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून, म्हणजे यंदाची वेळ गेली, पुढच्या वर्षासाठी संस्थेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेव. चर्चगेटच्या बाजूला निर्मला निकेतन आहे, १९५५ चं समाजकार्य महाविद्यालय. तिथेही एमएसडब्ल्यू होतं.

आता ‘शिकून माणूस काय करतो’ याचं उत्तर. टिसने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात मार खाणारी बाई ठाण्यात येते, तिचं ऐकायला तिथे समाजकार्यकर्ती बसलेली असते. ही कल्पना नंतर राज्यभर गेली. १९९० मध्ये ‘प्रयास’ सुरू झालं, ते तुरुंगात आणि ठाण्यांत काम करतं. ही सगळी कामं अभ्यासक्रमाच्या पोटातून निघाली आहेत. आठवड्यातले ठराविक दिवस विद्यार्थ्याला क्षेत्रात पाठवतात, म्हणजे वर्गात वाचलेलं त्याच आठवड्यात तपासून बघता येतं.

निर्मला निकेतनची एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. शीला बर्से या पत्रकार होत्या. त्यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणी म्हणाल्या, पोलीस कोठडीत आम्हाला मारलं. बर्सेंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टाने शहानिशा करायला कुणाला पाठवलं? निर्मला निकेतनच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना. एका कॉलेजच्या प्रमुख तुरुंगात गेल्या, बायकांशी बोलल्या आणि अहवाल दिला. १९८३ मध्ये निकाल आला. महिला संशयितांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला शिपाई, महिलांची चौकशी महिला पोलिसांसमोर, अटक झालेल्याला लगेच कारण आणि जामिनाचा हक्क सांगायचा, न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी द्यायच्या. आज देशातल्या कुठल्याही ठाण्यात हे नियम गृहीत धरले जातात. त्यांच्या मुळाशी मुंबईतली एक पत्रकार आणि मुंबईतलं एक कॉलेज आहे. ‘हात कुठे घालायचा’ विचारलंस ना, असा घालायचा.

आता माझ्या रोजच्या कामातलं एक. गोवंडीचा एक मुलगा, वय वीस, मोबाइलचोरीचा आरोप. जामीन झाला होता, पंधरा हजार आणि एक जामीनदार. तरी तीन महिने आत. कारण बाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं. घरी फोन नव्हता. आईशी बोलायचं तर कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा नंबर, आणि त्यातला शेवटचा आकडा मुलगा विसरला होता. मी कागदावर दहा नंबर लिहिले, शून्यापासून नऊपर्यंत, आणि एकेक लावत गेलो. एक बंद, दोन उचलले नाहीत, एका बाईने मला झापलं. सातव्याला मागे स्टोव्हचा आवाज आला. मी विचारलं, चहाचं दुकान का? तो म्हणाला, हां. आई भंगार वेचायला गेली होती, संध्याकाळी तिचा फोन आला. ती पहिलं वाक्य बोलली, "जिवंत आहे ना?" मग कोर्टात अर्ज केला, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरायची मुभा मिळाली, तीही कमी करून, आणि मुलगा सुटला.

कायदा त्याच्या बाजूने होता. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढल्यावर कच्च्या कैद्याला सोडायचं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस असलेले वगळून. पण हे कलम चालायला कुणीतरी कैद्यांची यादी घेऊन, तारखा मोजून, अर्ज लिहायला बसावं लागतं. देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर चारांतले तीन कैदी कच्चे होते. त्या तारखा मोजणारी माणसं फार थोडी आहेत. हा विषय शिकून माणूस काय करतो, तर हे करतो.

गिरगाव_चौथा_मजला | ६ जुलै, रात्री ११.३०

मी वेगळं लिहिणार आहे, रागावू नका.

माझ्या धाकट्या भावाला भोसकलं. तो गेला. आरोपी चार वर्षांनी निर्दोष सुटला, संशयाचा फायदा. निकालपत्र मी इतक्या वेळा वाचलंय की पानं फाटली. चाकूच्या पाकिटावर पंचाची सही नव्हती. रक्ताचे कपडे प्रयोगशाळेत पाठवायला कित्येक आठवडे गेले आणि मधल्या काळात ते कुठे होते याची नोंद नव्हती. बस. आईने निकालाच्या दिवशी विचारलं, म्हणजे मारलं कुणी? मी काय सांगणार?

वर सगळं वाचलं. आरोपीला वकील, आरोपीला जामीन, आरोपीच्या आईला फोन. माझ्या आईला त्या चार वर्षांत कुणाचा फोन आला नाही. पुढची तारीख कधी हेसुद्धा आम्ही कोर्टात जाऊन विचारायचो. तुमच्या संस्थांत मेलेल्याच्या घरच्यांबद्दल काही शिकवतात का? या मुलीला मी एवढंच सांगेन, शिकायचंच तर तपास शिक.

तपासटिपण | ७ जुलै, सकाळी ६.५०

गिरगावकर, पाकिटावर सही नव्हती हे वाचून मान खाली गेली. आमच्या खात्याने तुमचं देणं बुडवलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

बराकीबाहेर | ७ जुलै, सकाळी ८.२०

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर कबुलीचं आहे. पीडितांचा विषय अभ्यासात असतो, त्याला पीडितशास्त्र म्हणतात, पण त्यातून उभी राहिलेली माणसं आरोपींसोबत काम करणाऱ्यांहूनही कमी. नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची, असं आलंय. तुमच्या आईच्या वेळी ते नव्हतं. आता ते कागदावर आहे, ते पाळलं जातंय का हे बघायला कुणीतरी बसलं पाहिजे. लाइनीतली, हा प्रबंधाचा विषय आहे आणि तो कुणीतरी करायला हवा. मी मनापासून सांगतोय.

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, दुपारी १.१०

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करते, फार बोलता येणार नाही. फोर्टला न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, २००९ ची, बीएस्सीपासून. पण त्याला विज्ञान शाखा लागते, तुला नाही जमणार. तरी एक सांगते. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आता घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ जाणं नव्या संहितेत आलंय, कलम १७६(३), राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे आमच्याकडे येणारे नमुने वाढणार. आमच्या टेबलावर पाकीट येतं तेव्हा मी पहिल्यांदा रक्त बघत नाही, सील बघते. सोबत आलेल्या सीलच्या नमुन्याशी ते जुळतं का, कापडाची गाठ सुटलेली आहे का. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठवला असेल तर बुरशी धरते आणि मग विज्ञान काही करू शकत नाही. सावलीत वाळवून कागदात बांधायचं, एवढी साधी गोष्ट. गिरगावकर दादांचं वाचलं. असं पाकीट हातात येतं तेव्हा आम्हालाही घरी गेल्यावर जेवण जात नाही.

दुसरी_पाळी | ७ जुलै, रात्री १२.२०

ड्युटी संपवून आत्ता घरी आले. मी शिपाई आहे, बारा वर्षं झाली.

ताई, तू शिकायला जाशील तेव्हा आमच्याबद्दलही शिक. ठाण्यात आलेल्या माणसावर आम्ही खेकसतो हे खरं आहे, पण चौदा तास उभं राहिल्यावर कुणाचाही आवाज चढतो. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर साहेब आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू केली. ती योजना कुणा तज्ज्ञाची नव्हती, आमच्यातल्याच एका शिपायाने गणित मांडून दिली होती. एवढ्याच माणसांत तीन पाळ्या बसतात हे त्याने कागदावर दाखवलं. मी तेव्हा नव्याने लागले होते. आठ तासांची पाळी मिळाली त्या महिन्यात माझ्या मुलाला मी पहिल्यांदा रोज शाळेत सोडलं. बंदोबस्त आला की पुन्हा सगळं मोडतं.

हे त्याने कुठल्या कॉलेजातून केलं नव्हतं. पण त्याने केलं ते संशोधनच ना? तुझ्यासारखी कुणी शिकलेली मुलगी ठाण्यात बसून आमचे तास मोजेल, पाळी बदलल्यावर तक्रारींवर काय फरक पडतो ते बघेल, तर वरचे ऐकतील. आमचं ऐकायला वेळ लागतो.

काळाकोट_कुर्ला | ८ जुलै, दुपारी २.१५

दुसरी_पाळी, तुमचा प्रतिसाद मी बार रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला. 

बराकीबाहेरशी आता पूर्ण सहमत. एम.ए. आधी की एलएलबी आधी, हे तिचं तिने ठरवावं. दोन्ही केलेली माणसं माझ्या पाहण्यात आहेत आणि कोर्टात त्यांचा अर्ज वेगळा दिसतो, त्यात माणूस दिसतो.

लाइनीतली | १० जुलै, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. गिरगाव दादा, तुमच्या आईचं वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

हा धागा बाबांना वाचायला दिला. मोबाइलवर बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, म्हणून मीच वाचून दाखवला. कलम १५९ आलं तेव्हा त्यांनी थांबवलं, पुन्हा वाच म्हणाले. त्यांना ते ठाऊक होतं. नोकरीत असताना साक्षीला जायचे तेव्हा पैरवीवाला कागद आणून द्यायचाच. "निवृत्त माणसाला कोण कागद दाखवतो," म्हणाले, "आणि मलाही मागायचं सुचलं नाही. उगाच वाटलं, माझं अक्षर, मला आठवेल."

मग तपासटिपण काकांचं वाचत होते. झीरोच्या बल्बचं आलं आणि बाबा उठले. स्टीलच्या कपाटात खालच्या कप्प्यात त्यांच्या जुन्या खिशातल्या डायऱ्या आहेत, आईने कितीदा रद्दीत द्यायला काढल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वीची शोधायला अर्धा तास गेला. त्या दिवसाच्या पानावर चार ओळी आहेत. पंचांना बोलावलं ती वेळ, चहा किती जणांना, आणि खाली, ‘बॅग आत बल्बखाली काळी वाटली. बाहेर उजेडात नेऊन पाहिली, गडद निळी. तसे लिहिले.’

बाबांना आठवली होती ती आतली बॅग. कागदावर होती ती बाहेरची. डायरी मांडीवर ठेवून ते बराच वेळ बसले होते. आई जेवायला हाक मारत होती तरी उठले नाहीत. मग मला म्हणाले, बीएडचं आईला मी सांगतो.

माझं असं ठरलंय. पुढच्या वर्षी सीयूईटी-पीजी आणि कायद्याची सीईटी, दोन्ही देणार. जिथे लागेल तिथे आधी, दुसरं नंतर. तोवर रोज दोन एफआयआर, कालपासून सुरू केलेत. दुसरी_पाळी ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, तुमच्या सोयीने बोलू.

सोमवारी अकराला काळाकोट ताईंबरोबर कुर्ल्याला कोर्टात जातेय. बाबांनी एक नवी वही आणून दिलीय. म्हणाले, पेन दोन ने, आणि बसशील तिथे उजेड कसला आहे ते आधी लिही.